वन्संची आडवी रेघ

आमच्या वन्संना भांडण जिंकताना कुणी पाहिलं नाही. त्या भांडण सोडून द्यायच्या. सोडतानाची त्यांची एक खूण होती. उजव्या हाताचं बोट समोर जे असेल त्यावर टेकवायचं आणि एक आडवी रेघ ओढायची. ओट्यावर पीठ सांडलेलं असलं तर ती रेघ दिसे, एरवी नुसता ओटाच. रेघ ओढली की पदर खोचून त्या कामाला लागत. समोरच्याला वाटे, बाई हरली. मलाही तसंच वाटे, कारण तेव्हा मी फार हुशार होते. ज्याच्यापुढं वन्संनी रेघ ओढली त्याचे वाईट दिवस त्या घटकेपासून सुरू होतात, हे कळायला मला केस पांढरे करावे लागले.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्या नवऱ्याहून थोरली, माझ्या दिरांहून धाकटी. सासरचं मूळ गाव कुरवंडे, पण सासऱ्यांनी लोणावळ्यात घर बांधून वरच्या खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा गल्ल्यावर भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर बसत. स्वयंपाकघर वन्संचं होतं. लोक खोलीसाठी येत आणि वन्संच्या मासवडीसाठी परत येत. बाकी सगळं घर माझ्या डोक्यावर चालतं, असं मी माहेरी तळेगावला सांगत असे. शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळवलेली मुलगी होते मी. ती ढाल मी लग्नात बरोबर आणली होती, यावरून काय ते समजा.

वन्संचे यजमान प्रवासी जहाजावरच्या कॅसिनोत पत्ते वाटायच्या नोकरीला होते. सुट्टीवर घरी आले की हात बसून राहू नये म्हणून बायकोला गिऱ्हाईक करून समोर बसवत आणि ब्लॅकजॅकचे डाव वाटत. नव्या नवरीला कुणी साडी आणतं, कुणी अत्तर. वन्संना सुट्टीभर पत्ते मिळाले. मग एका परक्या बंदरात यजमानांचा दुसरा संसार आहे असं कळलं आणि वन्सं पत्त्यांचे दोन जोड आणि एक ट्रंक घेऊन माहेरी आल्या. भांडल्या नाहीत, पंच बसवले नाहीत. मी एकदा फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्याच्यापुढं एक्का उघडा, माझ्या हातात सोळा. काय खेळणार? अर्धं आयुष्य तितं सोडलं, अर्धं घेऊन आले."

"आणि सूड?" मी विचारलं.

"तो रोज त्या बाईच्या हातचं जेवतो," वन्सं म्हणाल्या. "त्या बाईनं माझ्या हातचं खाल्लेलं न्हाई, म्हणून तिला फरक कळत न्हाई. त्याला कळतो."

मी हा खेळ शिकले तो चादरींपायी. रविवारी संध्याकाळी पर्यटक गेले की सोमवारी चादरी आणि अभ्रे यांचा डोंगर पडे. थोरल्या जाऊबाईंना दमा, त्यांना पाण्यात हात घालायचा नसे. म्हणजे धुणाऱ्या आम्ही दोघी. वन्सं डोंगराचे सारखे दोन ढीग करत, पत्ते काढत आणि विचारत, "किती लावतेस?" मी म्हणे, "आठ." हरले तर त्यांच्या आठ चादरी माझ्या ढिगात यायच्या, जिंकले तर माझ्या आठ त्यांच्याकडं जायच्या. खेळ सोपा. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पलीकडं गेली की फुटलात. वाटणारीचा एक पत्ता उघडा असतो आणि एक झाकलेला. पहिले दोन पत्ते बघून तुम्हाला वाटलं की हा डाव आपला नाही, तर बोटानं आडवी रेघ ओढायची. मग आठाऐवजी चारच चादरी जातात. जहाजावर याला सरेंडर म्हणत. वन्सं म्हणत, "अर्ध्यावर सोड."

मी सोडत नसे. ढालवाली कशी सोडेल? हातात सोळा, वन्संपुढं बदामचा राजा, म्हणजे दहा, आणि मी छाती काढून म्हणे, "पत्ता द्या." पत्ता यायचा नव्वा. पुढच्या सोमवारी पुन्हा सोळा, समोर पुन्हा दहा, पुन्हा "पत्ता द्या." लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी लोणावळ्याच्या पाण्यात कोपरापर्यंत बुडून काढलं. हे बिचारे विचारत, "ताईला सांगू का, तुझ्या वाटच्या चादरी कमी करायला?" मी म्हणे, "खबरदार. पुढच्या सोमवारी बघा." पावसाळ्यात चादरी आठवडाभर वाळत नाहीत, ओल्याच्या ओल्या माझ्या डोक्यावरच्या दोरीवर लटकत आणि त्यांच्याखाली मी वन्संना हरवायचे बेत करत बसे. इतका मनापासून राग मी नंतर फार थोड्या माणसांचा केला.

शेवटी एकदा वन्संनाच दया आली, किंवा मी धुतलेल्या चादरींवर साबणाचे डाग राहत असतील. म्हणाल्या, "शैला, चार वेळा हाच डाव पडला तर त्यातला एक तरी तू जिंकशील का? एवढंच स्वतःला विचार. एक जिंकशील वाटलं तर खेळ. तेवढाबी भरवसा नसला तर रेघ ओढ. मग चारच चादरी जादा धुशील." मग त्यांनी मला जहाजावरचं सगळं शास्त्र दिलं. हातात सोळा आणि समोर नऊ, दहा किंवा एक्का असेल तर सोड. पंधरा आणि समोर दहा असेल तर सोड. एवढंच. बाकी काही सोडायचं नाही. "आणि ध्यानात ठेव, रेघ पहिल्या दोन पत्त्यांवरच ओढता येते. एकदा तोंड उघडून पत्ता मागितलास की सोडायचा हक्क गेला. मग बुडेस्तोवर बसायचं."

मी शिकले, पण माझ्या पद्धतीनं शिकले. त्याच सोमवारी माझ्याकडं दोन अठ्ठे आले आणि समोर दहा. आठ आणि आठ सोळा. मी मोठ्या शहाणपणानं बोट टेकवून लांबलचक रेघ ओढली. वन्संनी कपाळाला हात लावला. "अगं बये, जुळी हायेत ती. वेगळी करून दोन डाव खेळायचे असतात. सोळा दिसलं की लगेच गळाठायचं न्हाई." म्हणजे आधी मी सोडायचं ते धरत होते आणि आता धरायचं ते सोडायला लागले. चादरी तेवढ्याच राहिल्या.

वन्संच्या मनात राग किती काळ टिकतो याची मोजणी कुणी केली नसेल. आमच्याकडं गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा एक जण होता. तो एकदा भाऊजींना हसत म्हणाला, "परत आलेल्या बहिणीचा बरा उपयोग होतो की घरात." वन्संनी ऐकलं, दाराच्या चौकटीवर रेघ ओढली आणि त्याला चहा दिला. बिनसाखरेचा. पुढच्या वेळीही दिला, त्याच्या पुढच्या वेळीही. दरवेळी बशीत दोन बिस्किटं, तोंडभर हसू आणि चहात साखर नाही. त्यानं एकदा भीत भीत साखर मागितली, तेव्हा म्हणाल्या, "घातलीय की भाऊ, ढवळून घ्या." तो माणूस आमच्या दारात वर्षानुवर्षं चमचा फिरवत उभा राहिलेला मी पाहिलाय.

पण हे सगळं किरकोळ. वन्संचा खरा हिशेब भाऊजींशी होता, आणि तो एका वाक्याचा होता. खोली घ्यायला कुणी नवं कुटुंब आलं, वन्सं ताट घेऊन बाहेर आल्या, की भाऊजी गल्ल्यावरून ओळख करून देत, "ही आमची बहीण. नवऱ्याकडून परत आलेली. आम्हीच सांभाळतो." मग ते कुटुंब भाऊजींकडं आदरानं बघे आणि वन्संकडं कणवेनं. एखादी बाई म्हणे, "फार मोठं मन तुमचं." भाऊजी मान खाली घालत, मोठ्या मनाच्या माणसानं घालावी तशी. आणि वन्सं हातातली मासवडी त्याच लोकांच्या पानात वाढत. घर ज्यांच्या हातावर चालत होतं, त्यांनाच ते सांभाळत होतं. वन्संना आयुष्यात दुसरं काही नको होतं. ते वाक्य भाऊजींनी गिळावं, आणि ज्या गल्ल्यावर बसून उच्चारलं तिथंच बसून गिळावं, एवढंच हवं होतं.

मला हे कळलं त्या दिवशी मी लगेच मैदानात उतरले. भरल्या गिऱ्हाइकांत मी भाऊजींना म्हणाले, "सांभाळता कुठं? आयतं तर तुम्ही जेवता." टाळ्या पडतील असं मला खरंच वाटलं होतं. टाळ्या पडल्या नाहीत. भाऊजींनी माझ्या नवऱ्याचं अधूनमधून गल्ल्यावर बसणं बंद केलं, माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत, आणि ते वाक्य आणखी वरच्या आवाजात म्हणायला लागले. वन्सं लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोळावर पत्ता मागितलास. आला का पाच?"

"नाही."

"सगळ्यांसमोर मागितला की येतच न्हाई."

माझा मुलगा लग्नाचा झाला त्या सुमारास भाऊजींच्या डोक्यात सुधारणा शिरल्या. आजूबाजूला बंगले झाले, पोहण्याचे तलाव झाले, लोक फोनवरून खोल्या घ्यायला लागले. भाऊजींनी ठरवलं की घराचं हॉटेल करायचं, पुण्याहून आचारी आणायचा, आणि वन्संनी आंबी गावी शेतावरच्या खोलीत जाऊन आराम करायचा. आराम हा शब्द त्यांचाच. त्यासाठी त्यांनी कुरवंड्याहून भावकी बोलावली. दोन चुलतसासरे, गावचे आणखी तिघंचौघं, सगळे भाऊजींच्या पंगतीत जेवून ढेकर दिलेले. मी आदल्या दिवसापासून भाषण पाठ करत होते. वडिलांच्या घरात मुलीचाही वाटा असतो, स्वयंपाकघर कुणी उभं केलं, सगळं मुद्देसूद. बैठक बसली. भाऊजी म्हणाले, "इतकी वर्षं आमीच हिला सांभाळली, पुढंबी सांभाळू. फकस्त हितं नको, आंबीला." चुलतसासरे म्हणाले, "व्हय, बरोबर हाय." मी घसा खाकरला.

वन्संनी माझ्या मांडीला चिमटा काढला, सतरंजीवर बोट टेकवलं आणि रेघ ओढली. मग म्हणाल्या, "दादा, घर तुझं, खोल्या तुझ्या. मला रस्त्याकडची पत्र्याची शेड दे आणि माझी भांडी दे. आंबीला न्हाई जायची."

त्या शेडमध्ये जुन्या गाद्या आणि सरपण ठेवत. भाऊजींना हसू आवरेना. आबा म्हणवणारे थोरले चुलतसासरे म्हणाले, "पोरगी समजूतदार हाय." मी रडत उठले. गल्ल्यावरून उठवलेली धाकटी पाती म्हणून आम्ही नवराबायकोही वन्संबरोबर शेडमध्ये निघालो, पण मी त्यांच्याशी दोन आठवडे बोलले नाही. मग न राहवून विचारलं, "निदान भांडायचं तरी."

"दादापुढं काय उघडं होतं? भावकी, गल्ला, कागद. म्हणजे दहा. आपल्या हातात काय? तुझं भाषण आणि तुझा नवरा." मला आमच्या ह्यांच्या वतीनं राग आला, पण बेरीज बरोबर होती. "बैठकीत एक शब्द बोलले असते ना, तर शेडबी गेली असती. तोंड उघडायच्या आत सोडलं, म्हणून अर्धं हातात राहिलं. आता बघ."

बघायला फार काळ लागला नाही. शेड रस्त्याला लागून होती, हॉटेल मागं. फोडणीचा वास आधी रस्त्याला जाई. भाऊजींचे पाहुणे सामान खोलीत टाकत आणि जेवायला आमच्या बाकांवर येत. पुण्याचा आचारी एका उन्हाळ्यात पळाला, दुसरा पळायच्या आधी आमच्याकडंच जेवायला यायचा. मग लोक फोनवर शेरे लिहायला लागले. माझी सून मला ते वाचून दाखवी, मी वन्संना सांगे. "खोल्या बऱ्या, न्याहारी मिळत नाही." "सकाळी पोरांना उपाशी घेऊन बाहेर हिंडावं लागलं." वन्सं म्हणत, "पुन्हा वाच." पुढं पुढं खोल्याच रिकाम्या राहायला लागल्या.

एके दिवशी सकाळी भाऊजी शेडमध्ये आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांना बघून मी पदर खोचला. वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता त्याच्यापुढं सहा उघडाय. सहावाल्याला थांबता येत न्हाई, सतरा होईस्तोवर ओढावंच लागतं, आणि ओढता ओढता फुटतो. आपण पत्ताबी मागायचा न्हाई आणि सोडायचंबी न्हाई. हात बांधून बस."

आम्ही दोघी हात बांधून बसलो. भाऊजी म्हणाले, "सहज आलो होतो." आम्ही गप्प. "शेड बरी केलीस गं." गप्प. "पाहुण्यांना सकाळी काही लागतं, तुझ्याकडून पाठवलंस तर." गप्प. मी तोंड उघडणार, तोच वन्संनी गुडघा माझ्या गुडघ्यावर दाबला. "वरची कोपऱ्यातली खोली तुला मोकळी करून देतो. पावसात पत्रा गळत असंल." गप्प. "धाकट्याला गल्ल्यावर बसू दे पहिल्यासारखं." आमचे हे मागं कांदे चिरत होते, त्यांची सुरी थांबली. शेवटी भाऊजींनी टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "मग तूच सांग काय पाहिजे."

"न्याहारी पाठवीन," वन्सं म्हणाल्या. "रोज. पण पातेल्याचं झाकण उघडायच्या आधी तू गल्ल्यावरून पाहुण्यांना सांगायचं, ही माझी बहीण, हिच्या हातावर हे घर चालतं. नवे पाहुणे आले की नव्यानं सांगायचं. पहिलं वाक्य म्हणायचास तेवढ्याच मोठ्यानं."

पहिल्या दिवशी भाऊजींनी ते भिंतीकडं बघून पुटपुटलं. वन्संचा हात झाकणावरच राहिला. दुसऱ्यांदा ते जरा ऐकू आलं. तिसऱ्यांदा खिडकीजवळच्या आजोबांनाही ऐकू गेलं, आणि त्यांनी वळून वन्संना नमस्कार केला. वन्संनी झाकण काढलं. त्यानंतर एक सकाळ चुकली नाही. भाऊजींना ताप असला की वन्सं त्यांना मऊ भात करून देत, कपाळावर हात ठेवून बघत, आणि ताप उतरला की दुसऱ्या दिवशी पातेल्यामागं उभ्या राहून वाक्य ऐकत. मी एकदा म्हटलं, "आता पुरे करा वन्सं, म्हातारे झाले ते." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप कोथिंबीर निवडायला घेतली. खरं सांगायचं तर मला पुरं व्हायला नकोच होतं. मीही रोज ऐकायला उभी राहत होते.

गेल्या हिवाळ्यात वन्सं गेल्या. आजार लांबला नाही. तळेगावच्या दवाखान्यात भाऊजी भेटायला आले, काठी टेकत. पलंगाशी बसून रडले. "झालं गेलं विसर, आक्का," म्हणाले. धाकट्या बहिणीला आक्का म्हणालेले मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. वन्संनी त्यांचा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाल्या, "विसरले, दादा." नर्सलाही गहिवरून आलं. भाऊजी डोळे पुसत बाहेर गेले. दार लागलं तसं वन्संनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "उद्या सकाळी न्याहारी कोण नेतंय?"

"मी नेते," मी म्हणाले.

"जा मग. हितं नको थांबू," म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

इंद्रायणीवर दहावा झाला. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी खोल्या भरल्या. एक मुंबईचं कुटुंब होतं, दोन मुली, आईवडील, सगळे थंडीनं हात चोळत. मी पोह्यांचं पातेलं नेऊन ठेवलं आणि झाकणावर हात ठेवला. भाऊजी गल्ल्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते हळूच म्हणाले, "शैला, आता कशाला गं?" माझा हात झाकणावरच राहिला. मुलींतली धाकटी म्हणाली, "आई, भूक लागली." आयुष्यात इतका वेळ मला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नसेल.

भाऊजी काठी धरून उभे राहिले. "ही माझी," असं म्हणून त्यांनी हात पुढं केला, नेहमी करत तसा पातेल्यामागं. तिथं मी होते. हात तसाच राहिला. मी मदत केली नाही. मग त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी बहीण होती. तिच्या हातावर हे घर चाललं."

मुलींच्या आईनं विचारलं, "कुठं असतात त्या आता?"

भाऊजी खाली बसले. मी झाकण काढलं. पोहे गार झाले होते. गरम करून आणते, असं मी म्हणाले नाही. बशा भरल्या आणि पहिली भाऊजींपुढं ठेवली.